मेंदूतला पेसमेकर आणि मोडलेल्या एफडी: बडोद्यातलं एक प्रकरण

पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या कुटुंबांबरोबर मी बडोद्यात समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, यंत्राची सेटिंग आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. रुग्णाला मी इथे आप्पा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. मजकूर दोघांनी वाचला. आप्पांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत.

पार्श्वभूमी

आप्पा दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले, बडोद्यातली त्यांची ही चौथी पिढी. शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात त्यांची नोकरी झाली. मीटर तपासायचा, आकडा वहीत लिहायचा, सही करायची. घरातही तेच. दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, एफडी कधी पिकते, सगळं एका लाल वहीत. शेअर बाजाराचा विषय निघाला की ते उठून आत जायचे, आणि बडोद्यात राहून तो विषय टाळणं सोपं नाही. गुरुवारी दत्तमंदिरातलं भजन ही त्यांची एकमेव चैन.

२०१४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, उजवा अंगठा थरथरायला लागला. निदान पार्किन्सन्स. मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. हालचाल सुरू करणं, आवरणं, तिचा वेग ठरवणं हे सगळं बिघडतं. डोपामाइनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या गोळीने सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मग गोळीचा असर दोन-अडीच तासांत उतरू लागला. 'ऑफ'मध्ये, म्हणजे असर उतरल्यावर, कूस बदलायलाही काकूंचा हात लागायचा आणि 'ऑन'मध्ये, म्हणजे असर असताना, अंग नको तितकं वळवळायचं. २०१९ मध्ये भजन सुटलं, कारण आवाज बारीक झाला होता. काकूंच्या मते त्याच्या आधीच त्यांचा उत्साह गेला होता. दिवसभर खिडकीत बसून राहायचे, नातवाचा फोन आला तरी दोन वाक्यांच्या पुढे बोलायचे नाहीत. औदासीन्य हेही या आजाराचंच एक लक्षण असतं. घरच्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांची डीप ब्रेन स्टिम्युलेशनची शस्त्रक्रिया झाली. मेंदूत दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची एकेक तार, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या डाळीच्या दाण्याएवढ्या केंद्रापर्यंत. तिथून कातडीखालून वायर आणि छातीवर, कॉलरबोनच्या खाली, बॅटरीचा डबा. सेकंदाला विजेची १३० स्पंदनं, प्रत्येक ६० मायक्रोसेकंदांचं. घरात सगळे याला 'मेंदूचा पेसमेकर' म्हणतात. हे तंत्र नवखं नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल इथे बेनाबिद यांच्या चमूने १९८७ मध्ये त्याचा मार्ग दाखवला, आणि अमेरिकेत पार्किन्सन्ससाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. खर्च साधारण १४ लाख आला. विम्याने निम्म्याहून कमी दिले, उरलेले आप्पांच्या भविष्यनिर्वाह निधीतून गेले.

गुण विलक्षण आला, हे आधीच नीट सांगायला हवं. तिसऱ्या महिन्यात आप्पा एकटे चालत सूरसागर तलावाला चक्कर मारून आले. लेव्होडोपा निम्म्यावर आली आणि वळवळ जवळजवळ थांबली. पुढच्या गणेशोत्सवात वाडी भागातल्या एका मंडळात उभं राहून त्यांनी अभंग म्हटला. काकू मला म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हाचा माणूस परत आला होता हो."

अडचण

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक छोटा रिमोट मिळतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत तो करंट वर-खाली करू शकतो. आप्पांचं सेटिंग २.४ मिलिअँपिअरवर होतं आणि वरची मर्यादा ३.६. चालताना पाय अडकलाच तर थोडं वाढवता यावं, म्हणून ही मोकळीक ठेवली होती. आयुष्यभर मीटर लावलेला माणूस तो. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी आकडे वाढवून पाहिले आणि लाल वहीत नोंदी ठेवल्या. त्या नोंदी मी पाहिल्या आहेत: '२.८, चाल उत्तम.' '३.१, डोकं स्वच्छ.' '३.४, झोप ४ तास, थकवा नाही.' शेवटची नोंद वाचून कुणाही जाणत्याच्या मनात धोक्याची घंटा वाजली असती. पण वही कुणी वाचत नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी मोबाइलवर डिमॅट खातं उघडलं. सोसायटीतल्या एका शेजाऱ्याने "काका, एक लॉट तो लई जुओ" (एक लॉट घेऊन तर बघा) म्हणून ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैसे लावायचे सौदे, शिकवले. पहिल्या महिन्यात ३८ हजारांचा फायदा झाला. मग सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन आप्पा स्क्रीनसमोरून हलेनात. रात्री दोनला उठून परदेशी बाजार बघायचे. स्वभावही सैल झाला होता: पुतण्याला धंद्यासाठी दोन लाख दिले, कामवाल्या बाईच्या मुलाला नवा फोन घेऊन दिला, रोज सकाळी अख्ख्या जिन्याला सेव उसळ. लोक म्हणायचे, आप्पा किती बदलले, किती मोकळे झाले. ऑगस्टमध्ये एका रविवारी मुलगी बँकेचं काहीतरी काम करून द्यायला आली आणि तिला दिसलं की पाचपैकी चार एफडी मोडल्या आहेत. आठ महिन्यांत १४ लाख ६० हजार गेले होते. शस्त्रक्रियेला लागले त्याहून जास्त.

पुण्याहून मुलगा आला. त्याने पासवर्ड बदलले आणि फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी आप्पा मंगळ बाजारात जाऊन नवा फोन घेऊन आले. त्या रात्री घरात जे झालं ते काकूंना अजून सांगवत नाही. आप्पा मुलाला म्हणाले होते, "मी खिडकीत गप्प बसलेला होतो तेव्हा तुम्हाला काही अडचण नव्हती."

सप्टेंबरच्या शेवटी काकू आणि मुलगी माझ्याकडे आल्या. काकूंच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्याच आठवड्यात सेबीचा अभ्यास जाहीर झाला होता: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्यूचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. काकूंचा प्रश्न साधा होता. "इतक्या लोकांना व्यसन लागतं, तसंच यांनाही लागलं? की हे त्या मशीनमुळे?"

हे कशामुळे घडलं असावं

उत्तर 'दोन्हीमुळे' असं निघालं, आणि त्यात तिसरी गोष्ट होती जिच्याकडे आमचं लक्षच नव्हतं. लेव्होडोपा निम्म्यावर आणली होती, पण प्रॅमिपेक्सोल ही दुसरी गोळी दिवसाला ३ मिलिग्रॅम तशीच चालू होती. ती डोपामाइनसारखं काम करणाऱ्या औषधांच्या, म्हणजे डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटातली. या गटातल्या औषधांनी काही जणांमध्ये जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा यांवरचा ताबा सुटतो, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०९० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांमध्ये असा किमान एक विकार आढळला, न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्के. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये या गटातल्याच एका औषधामुळे जुगारी झालेल्या रुग्णाला कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला होता.

दुसरी गोष्ट करंटची. सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा वरचा-बाहेरचा भाग हालचालीचा आणि खालचा-आतला भाग भावनांशी जोडलेला. केंद्र इतकं लहान की करंट वाढवला की तो हद्द ओलांडतो. झोप कमी, बोलणं जास्त, हात सैल आणि थकवा नाही, हे उन्मादाच्या उंबरठ्याचं चित्र आहे.

तिसरी गोष्ट यंत्रणेची. यंत्राचं प्रोग्रामिंग मुंबईची चमू करायची आणि गोळ्या बडोद्यातले न्यूरॉलॉजिस्ट द्यायचे. पहिल्या तीन महिन्यांनंतर मुंबईची पुढची तारीख एकदम वर्षानंतरची होती. मुंबईवाल्यांना वाटलं की अ‍ॅगोनिस्ट बडोद्याचे डॉक्टर उतरवतील. बडोद्याच्या डॉक्टरांना वाटलं की ती मुंबईच्या योजनेचा भाग आहे. दोघेही आपापल्या जागी काळजीने काम करणारे. एकमेकांना मात्र त्यांनी दीड वर्षात एकदाही फोन केला नव्हता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मुलाचा: फोन, कार्ड, चेकबुक काढून घेणं. तो वापरून झाला होता आणि त्याची किंमत घराने मोजली होती.

दुसरा पर्याय कायद्याचा. मुलीने न्यायालयात काम करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते मला आजही अस्वस्थ करतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ४ म्हणतं की माहिती समजत असेल, निर्णयाचे परिणाम कळत असतील किंवा तो निर्णय सांगता येत असेल, तर माणूस आपल्या उपचाराचा निर्णय घ्यायला सक्षम आहे. आणि निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. हे कलम चांगलं आहे. वेड्यांच्या इस्पितळात नको असलेली माणसं टाकून येण्याचा आपला इतिहास पाहता ते हवंच होतं. पण हा कायदा उपचारांचा. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, ती नव्यात राहिली नाही.

आणि समजा कुणी आप्पांची क्षमता तपासलीच असती, तर ते पूर्ण गुणांनी पास झाले असते. मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना ऑप्शनबद्दल विचारलं तेव्हा आप्पांनी लॉट साइज, प्रीमियम, एक्स्पायरीच्या दिवशी किंमत कशी गळते, हे सगळं पाटीवर लिहावं तसं समजावलं. तोटा किती झाला तेही रुपयापर्यंत सांगितलं. समज शाबूत होती. हात आवरत नव्हता. कायदा ज्या जागी मोजमाप करतो ती जागा धडधाकट आणि बिघाड शेजारच्या खोलीत, अशी ही अवस्था.

तिसरा पर्याय, यंत्र बंद करणं किंवा बरंच खाली आणणं. म्हणजे ज्या शरीरासाठी १४ लाख मोजले आणि कवटीला दोन भोकं पाडून घेतली, ते परत देणं. चौथा, अ‍ॅगोनिस्ट उतरवणं. त्यातही जोखीम होती: झटकन थांबवलं तर घाबरल्यासारखं होणं, घाम, खोल उदासी अशी माघारीची लक्षणं येतात आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात.

पाचवा पर्याय काकूंनी सुचवला आणि तो सगळ्यांत अवघड निघाला. "त्यांनाच विचारू या ना." पण कोणत्या आप्पांना? ३.४ वरच्या की २.४ वरच्या?

याला जवळचं एक प्रकरण वैद्यकीय साहित्यात आहे. नेदरलँड्समध्ये २००४ साली ६२ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. यंत्र चालू असलं की तो हिंडू-फिरू शकायचा, पण उन्मादात कर्ज करून बसायचा आणि निर्णयक्षम राहायचा नाही. बंद असलं की मन ठिकाणावर, पण शरीर अंथरुणाला खिळलेलं. डॉक्टरांनी त्याला यंत्र बंद असताना विचारलं. त्याने चालू ठेवा असं सांगितलं, मनोरुग्णालयात राहावं लागलं तरी. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला दोनच बटणं होती. आपल्याकडे मधलं काही असेल की."

निर्णय

ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यातल्या दवाखान्यात सगळे एका खोलीत बसले: न्यूरॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ, आप्पा, काकू, मुलगी, मी; मुंबईचे प्रोग्रामिंग करणारे डॉक्टर आणि पुण्याहून मुलगा व्हिडिओवर. अशी बैठक शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी होती.

बैठकीतला पहिला तिढा असा: मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं, आजच करंट खाली आणू आणि वरची मर्यादा बंद करू, आप्पा 'हो' म्हणतील तेव्हा म्हणतील. घरचे लगेच तयार झाले. मी विरोध केला आणि तो अजूनही मला बरोबर वाटतो. आप्पा त्या खोलीत कायद्याने सक्षम होते. त्यांच्या डोक्यातलं सेटिंग त्यांना न विचारता बदलणं आणि मुलाने फोनला कुलूप लावणं यांत मला फरक दिसत नव्हता. उलट हे जास्त आतलं कुलूप होतं.

तोडगा न्यूरॉलॉजिस्टनी काढला. त्यांनी आप्पांची लाल वही मागवली आणि त्याच वहीत दोन रकाने आखले: एकात रिमोटचा आकडा, दुसऱ्यात त्या आठवड्याचा नफा-तोटा. आप्पांनी स्वतः भरले. ३.० च्या वरचा एकही आठवडा नफ्याचा नव्हता. आप्पा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "सेन्सर ड्रिफ्ट झालाय." कारखान्यातला शब्द. मीटर नीट दिसतं, काटा हलतो, पण आकडा हळूहळू खऱ्यापासून सरकलेला असतो आणि मीटरला स्वतःला ते कळत नाही.

त्यांनी एका तासापुरतं २.४ वर यायला होकार दिला. चाल थोडी जड झाली, चेहरा स्थिरावला. त्या अवस्थेत विचारल्यावर ते म्हणाले: यंत्र बंद करू नका, करंट कमी करा, पैशाचं काम काकूंच्या सहीशिवाय होऊ देऊ नका, पण मला पूर्ण बाहेर काढू नका.

इथे माझी शंका होती. सेटिंग उतरवल्यावर माणूस जे बोलतो तेच त्याचं खरं मत, असं धरायचा आपल्याला काय अधिकार? उतरलेल्या अवस्थेत तो घाबरलेला असू शकतो. समोर इतके जण बसलेत, त्यांना बरं वाटावं म्हणूनही बोलू शकतो. म्हणून ठरलं की हाच प्रश्न तीनदा विचारायचा: आज, नवीन सेटिंगवर दोन आठवड्यांनी आणि गोळी उतरल्यावर. तिन्ही वेळा जे कायम राहील तेच कागदावर येईल.

काय केलं

प्रॅमिपेक्सोल दहा आठवड्यांत हळूहळू बंद केली. चौथ्या आठवड्यात आप्पांना फार वाईट दिवस गेले. पहाटे रडायचे, कारण सांगता यायचं नाही. तेव्हा उतरण्याचा वेग निम्मा केला. यंत्रात करंट तारेच्या वरच्या संपर्कबिंदूवर सरकवला आणि रिमोटची मर्यादा २.७ वर आणली. रिमोट आप्पांच्याच खिशात राहिला. मुलाला तो काकूंकडे हवा होता. पाय रस्त्यात अडकला तर दुसऱ्याच्या परवानगीची वाट बघायला लागू नये, म्हणून ते नाकारलं.

पैशाचं वेगळं. तिन्ही वेळा आप्पांचं उत्तर जवळपास सारखं आलं. त्यांनी स्वतः बँकेत जाऊन मुख्य खातं दोघांच्या सहीचं केलं आणि एफ अँड ओची सोय बंद करण्याची विनंती ब्रोकरला पाठवली. २५ हजारांचं एक खातं फक्त त्यांचं राहिलं, त्यात काय करतात ते कुणी विचारायचं नाही.

शेवटी एक कागद. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ५ आगाऊ निर्देश लिहून ठेवायची मुभा देतं आणि कलम १४ प्रतिनिधी नेमायची. ही कलमं मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आहेत. न्यूरॉलॉजिस्टने लावलेला करंट त्यात सहज बसत नाही. म्हणून आम्ही त्याला घरचा कागद म्हटलं आणि प्रती दोन्ही शहरांतल्या फायलींत लावल्या. आप्पांच्या अक्षरात सव्वा पान आहे: झोप पाच तासांच्या खाली सलग तीन रात्री गेली तर डॉक्टरांना कळवायचं, काकू आणि मुलगी दोघींना बदल जाणवला तर मी तपासणीला नाही म्हणणार नाही, एकट्या मुलाच्या सांगण्यावरून काही करायचं नाही. हे शेवटचं वाक्य मुलाला लागलं. ते बदला असं मी सुचवलं नाही.

निष्पत्ती

पैसे गेले ते गेले. पुतण्याने दोन लाखांपैकी साठ हजार परत केले. बापलेकांचं बोलणं सुरू आहे, पण हवापाण्याचं. शरीर चांगलं आहे, सूरसागरची चक्कर चालू आहे. बाजाराची ओढ साधारण तीन महिन्यांत विरली, आप्पांच्या शब्दांत, "भूक नसताना ताट समोर आल्यासारखं वाटतं."

पण गाणंही विरलं. २०२५ च्या गणेशोत्सवात ते मंडळात गेले आणि खुर्चीत बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, म्हणावंसं वाटत नाही, आणि वाटत नाही याचं वाईटही वाटत नाही. काकूंना मात्र वाटतं. त्यांनी मला एकदा दारात थांबवून हळूच सांगितलं की १४ लाख गेले तरी ते आठ महिने त्यांच्या आयुष्यातले चांगले होते, आणि हे बोलायची त्यांना लाज वाटते. लाज वाटायचं काही कारण नाही, असं मी त्यांना सांगितलं. खिडकीत बसलेला माणूस हाच मूळ आप्पा आणि सेव उसळ वाटणारा हा बिघाड, अशी वाटणी मला मान्य नाही. खिडकीतला माणूसही आजाराने बदललेलाच होता. फक्त त्या बदलाचा खर्च बँकेच्या पासबुकात दिसत नव्हता, म्हणून त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत मोठी चूक संमतीच्या टेबलावर झाली. अकरा पानांचा इंग्रजी फॉर्म. त्यात रक्तस्राव, संसर्ग, बोलण्यातली अडखळ यांवर परिच्छेद आणि 'मनःस्थितीत बदल' यावर अर्धी ओळ. काकूंनी साक्षीदार म्हणून सही केली, वाचून कुणी दाखवला नाही. तिथे वीस मिनिटं कुणी मराठीत बसून विचारायला हवं होतं: तुम्ही बदललात आणि तुम्हाला ते जाणवलं नाही, तर कुणाचं ऐकाल? पैशाचं काय ठरवाल? शस्त्रक्रियेआधीचे आप्पा या प्रश्नांची उत्तरं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून देऊ शकले असते, आणि त्यांच्या त्या उत्तरावर कुणीच शंका घेतली नसती. नंतर तीन-तीनदा विचारूनही माझी शंका पूर्ण गेलेली नाही.

दुसरं, शस्त्रक्रियेआधी ताबा सुटण्याच्या विकारांची प्रश्नावली भरून घेतली नव्हती. ती दहा मिनिटांत होते. आणि ती घरच्या माणसाकडूनही भरून घ्यायची असते, कारण ज्याचा ताबा सुटतो त्याला बहुधा छानच वाटत असतं. तिसरं, रिमोटची वरची मर्यादा गरजेपेक्षा खूप मोकळी होती. चौथं, मीही: २०२४ च्या मार्चमध्ये आप्पा आमच्या गटाच्या बैठकीला आले होते. दोन तास बोलले, सगळ्यांना हसवलं, निघताना चहाचे पैसे भरले. मी वहीत लिहिलं, 'उत्कृष्ट सुधारणा.' झोप किती, हे विचारलं नाही.

धोरणाकडे पाहिलं तर आपल्याकडे तुकडे आहेत, ते एकमेकांना जोडलेले नाहीत. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत आणि असं रोपण सर्वाधिक जोखमीच्या वर्गात येतं; पण ते नियम उपकरण सुरक्षित आहे का एवढंच पाहतात, ते लावल्यावर वर्षभर रुग्णाला कोण पाहणार हे सांगत नाहीत. उपकरणांचे दुष्परिणाम नोंदवायला गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. आप्पांच्या प्रकरणाची नोंद तिथे कुणीही केली नव्हती, कारण तार तुटली नव्हती, जंतुसंसर्ग झाला नव्हता. माणूस फक्त उदार झाला होता. न्यूरॉलॉजिस्टनी आणि मी मिळून नंतर तो अर्ज भरला. 'घटनेचा प्रकार' या रकान्यासमोर आम्ही बराच वेळ थांबलो होतो.

जगात मेंदूच्या हक्कांची चर्चा जोरात आहे. चिलीने २०२१ मध्ये त्यासाठी राज्यघटनाच दुरुस्त केली, आणि युनेस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूरोतंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेवर शिफारसपत्र स्वीकारलं. मला त्याचं महत्त्व वाटतं. पण दांडिया बाजारातल्या घराला आधी हव्यात त्या साध्या गोष्टी: रुग्णाच्या भाषेत संमती, प्रोग्रामिंग आणि गोळ्या यांची जबाबदारी एकाच डॉक्टरच्या नावावर, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी घरच्या माणसाशी वेगळं बोलणं, आणि हे सगळं शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच धरलेलं. शिवाय ज्याला स्वतःच्या इच्छेने बाजारातून बाहेर राहायचं आहे त्याला एका अर्जावर सगळ्या ब्रोकरांची दारं बंद करून घेता यावीत. आप्पांना एका ब्रोकरकडे सोय बंद करता आली. दुसऱ्याकडे खातं उघडायला त्यांना आजही दहा मिनिटं पुरतील, हे त्यांनीच मला हिशेब करून सांगितलं.

सध्या

आप्पांची बॅटरी रिचार्ज होणारी नाही. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत ती बदलायला लागेल आणि तेव्हा सेटिंग पुन्हा तपासलं जाईल. गेल्या महिन्यात त्यांनी घरच्या कागदावर एक ओळ वाढवली: 'सेटिंग ठरवताना झोप आणि पैसे यांच्याबरोबर गाण्याचंही विचारावं.' ही ओळ त्यांनी आपणहून लिहिली की काकूंनी सुचवली, हे दोघंही सांगत नाहीत.

मुंबईच्या डॉक्टरांनी मर्यादा २.७ ची २.८ केली आहे, सहा आठवड्यांसाठी. लाल वहीत आता तीन रकाने आहेत आणि तिसरा काकू भरतात. काल त्यांनी मला त्यातला एक दिवस वाचून दाखवला. झोप साडेसहा तास, बाजार नाही, आणि पुढे त्यांच्या अक्षरात: 'आंघोळीच्या वेळी थोडं गुणगुणले.'